उशिरा येणाऱ्यांची बाग

निवृत्त माणसाला बिनपगारी काम देण्याच्या बाबतीत आपला समाज फार उदार आहे. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मुलुंडच्या आमच्या सोसायटीने मला सचिव केलं, शेजारणींनी भजनी मंडळात ओढलं आणि एका वाचनालयाने न मागता कार्यकारिणीवर घेतलं. जन्मभर मी संख्याशास्त्र शिकवलं, पण त्याबद्दल मात्र कोणी काही विचारलं नाही. त्यामुळे कविता भोईरचा फोन आला तेव्हा मला आनंदच झाला.

कविता माझी जुनी विद्यार्थिनी. माहेर शहापूरचं, सासर मुरबाडचं, आणि सिद्धगडाच्या वाटेवरच्या एका माध्यमिक शाळेत ती गणित शिकवते.

"बाई, आमच्या पोरांना सरासरी काढता येते," ती म्हणाली. "पण काढलेल्या सरासरीवर विश्वास ठेवायचा की नाही, ते कळत नाही. आठवडाभर या."

"ते मलाही अजून नीट कळलेलं नाही."

"म्हणून तर बोलावतेय."

भात कापून, झोडून घरात आलेला आणि थंडी जरा स्थिरावलेली, अशा दिवसांत मी निघाले.

शहापूर

पहिला मुक्काम कविताच्या माहेरी होता. ती ज्या शाळेत शिकली तिथे सराव म्हणून माझा एक तास ठेवला होता. फाटकावरच फलक होता: 'आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या संख्याशास्त्रज्ञ'. माझा मुलगा मस्कतला असतो, यापलीकडे माझा परदेशाशी संबंध नाही. मी कविताकडे पाहिलं. ती दुसरीकडे पाहत होती.

शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन झालं. काडेपेटी दमट असल्याने हा शेवटचा विधी बराच लांबला. मग प्रमुख पाहुण्यांनी आकडेवारीचं महत्त्व सांगणारं भाषण केलं आणि त्यात एकही आकडा येऊ दिला नाही. मुलं मांडी घालून इतकी शांत बसली होती की ही सवय त्यांना लहानपणापासून असावी हे दिसत होतं. आमच्याकडे मुलुंडला मुलं निदान चुळबुळ तरी करतात.

माझ्या वाट्याला उरलेल्या वेळात मी गाडीचं उदाहरण घेतलं. इथल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी आसनगावहून कसाऱ्याकडून येणारी गाडी पकडून कामाला जातं. एक दिवस गाडी जरा आधी आली, दुसऱ्या दिवशी उशिरा, तिसऱ्या दिवशी पुन्हा आधी, असे मनाने रचलेले आकडे मी फळ्यावर लिहिले आणि सरासरी काढायला लावली. गाडी अगदी वेळेवर निघाली. मुलं खूश झाली. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीचं मात्र समाधान झालं नव्हतं.

"म्हंजे सरासरीनं गाडी टायमावरच हाय?"

"हो."

"पन बाई, आमच्या पप्पांना सरासरी गाडी कधी गावलीच नाय. एकतर ती गेलेली असते, नायतर यायची असते."

सरासरीचं प्रकरण शिकवताना मला अनेक वर्षं जे सांगायचं होतं ते एवढंच. मी खडू खाली ठेवला.

संध्याकाळी कविताच्या वडिलांनी मला तानसा तलाव दाखवायला नेलं. पलीकडचं जंगल काळपट निळं झालं होतं, पाणी हलत नव्हतं. मी म्हटलं, "काका, जन्मभर मी मुंबईत नळाचं हेच पाणी प्यायले, आणि आज पहिल्यांदा पाहतेय."

"मंग तुमची जुनी ओळख हाय," काका म्हणाले. "आमच्या नळाची आन् त्याची अजून व्हायचीय."

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. शेजाऱ्याच्या श्रीमंत पाहुण्याबद्दल बोलावं तसं ते बोलत होते. परतताना त्यांनी माझ्या हातात आणखी एक नारळ ठेवला.

मुरबाडकडे

किन्हवली, सरळगाव करत आम्ही मुरबाडला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी कविताच्या स्कूटरवरून शाळेकडे निघालो. कापलेल्या भाताच्या खाचरांत वाल उगवून आला होता. खळ्याखळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. समोर सिद्धगड, माथ्याशी धुकं. रस्त्याच्या उतारावर मधूनमधून भेंडीचे हिरवेगार तुकडे दिसत होते.

शाळेच्या फाटकाशी आले आणि थांबलेच. पत्र्याची साधी बैठी इमारत, पण तिच्या तिन्ही बाजूंनी बाग होती. झेंडू, गुलबक्षी, कडेने टोमॅटो आणि वांगी, एका वाफ्यात कोथिंबीर. पानं धुतल्यासारखी. जानेवारीच्या कोरड्या हवेत इतकी टवटवीत बाग मी आमच्या महापालिकेच्या उद्यानातही पाहिलेली नाही, आणि तिथे तर माळी आहेत.

"तालुक्यात पहिला नंबर," मुख्याध्यापक देसले सर म्हणाले. उंच, सावळे, पांढरा सदरा, खांद्यावर घडी घातलेला रुमाल. "आमच्याकडे पूर्वी छडी होती. मी आलो आणि बंद केली. आता झारी. प्रार्थना सुरू झाली की फाटकाला कडी. मागून येईल त्यानं बागेला पाणी घालायचं, मगच वर्गात."

"फारच छान," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. शिक्षेतून फुलं काढणारा मुख्याध्यापक रोज भेटत नाही.

देसले सरांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. शाळा साडेदहाची होती, ती त्यांना सकाळी सातची करायची होती. कारणं खोटी नव्हती. दुपारनंतर पत्रे तापतात, खिचडी खाल्लेली पोरं पेंगतात आणि कल्याणहून येणाऱ्या शिक्षकांना परतायला रात्र होते. शनिवारी पालकांची सभा होती. तिथे हात वर झाले की सोमवारपासून शाळा सकाळची.

"तुम्ही आलाच आहात, तर पोरांना सर्वेक्षण करून दाखवा," ते म्हणाले. "शास्त्रशुद्ध."

या शब्दाला मी भुलले. प्रार्थना संपताच मुलांना ओळीतच उभं ठेवून मी दोन प्रश्न विचारले. घरून निघाल्यावर शाळेत पोचायला किती वेळ लागतो? आणि सकाळची शाळा चालेल का? नववीच्या मुलांनी ओळीओळीतून फिरून मोजलं, मोठ्या कागदावर स्तंभालेख काढला, रंग भरले. जवळ राहणाऱ्यांचे स्तंभ ताडासारखे उंच, लांबच्यांचा एक बुटका. सकाळच्या शाळेला जवळजवळ सगळ्यांचा होकार.

देसले सरांनी कागद हातात धरून लांबून पाहिला, जवळून पाहिला. "म्हणजे शास्त्रानं सिद्ध झालं."

शास्त्राने काहीही सिद्ध झालेलं नाही असं म्हणायची मला जन्माची सवय. त्या दिवशी नेमकं म्हटलं नाही. जेवणात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं, त्याचाही परिणाम असेल.

झारी

दुसऱ्या दिवशी कविताची स्कूटर वाटेत पंक्चर झाली. पंक्चरवाल्याकडे आधी एका ट्रॅक्टरचं चाक होतं. आम्ही शाळेशी पोचलो तेव्हा आतून प्रार्थनेचे सूर येत होते आणि फाटकाला कडी होती.

कडेची छोटी वाट बागेत जात होती. तिथे मुलं होती. एखाददुसरं नव्हे, चांगला एक वर्ग भरेल एवढी. हौदातून झाऱ्या भरून वाफ्यावाफ्यात पाणी घालत होती. काही जण अजून डोंगराकडच्या पायवाटेने धावत येत होते.

"शाळेत इतकी मुलं आहेत?" मी कविताला विचारलं. स्वतः वेळेवर येणारी असल्यामुळे तिनेही ही बाग या वेळी फारशी पाहिली नव्हती.

नववीतली एक मुलगी पुढे आली. काटक, दोन वेण्या, लाल फिती. तिने माझ्याकडे, मग कडी लावलेल्या फाटकाकडे पाहिलं आणि आपल्या हातातली झारी माझ्यापुढे धरली.

"उशीर झाला ना, बाई? मंग घ्या."

मागून कोणीतरी ओरडलं, "मनीषा, पावन्यांना काय देतंस गो झारी!"

"कायदा सगल्यांना सारखाच," मनीषा म्हणाली.

मी झारी घेतली. माझ्या वाट्याला टोमॅटो आले. पाणी घालताना पाहिलं, तर मनीषा सारखी बोटं खाजवत होती. बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ होतं.

"खडूचा त्रास होतो का गं?"

सगळी हसली. "भेंडीची खाज ती, बाई. भेंडीला बारीक लव असते ना. हाताला फडका बांधून तोडतो आमी, पन लागतंच."

मग हळूहळू सगळं कळलं. वरच्या पाड्यावर थंडीत भेंडी असते. ती उजाडल्यावर तोडावी लागते, आणि एक दिवस राहिली तर जून होऊन फुकट जाते. माल घेणारी गाडी डोंगराखालच्या रस्त्यावर येते. तोडायची, क्रेटमध्ये भरायची, डोक्यावर घेऊन खाली आणायची, गाडी गेली की तिथूनच दप्तर घेऊन शाळेकडे पळायचं. म्हणजे हंगाम असेपर्यंत पाड्यावरच्या मुलांना उशीर ठरलेला.

"काल प्रार्थनेनंतर मी हात वर करायला सांगितले, तेव्हा तू होतीस?"

"काल?" मनीषाने आठवून पाहिलं. "काल मी वांग्यांना पानी घालीत होते."

टोमॅटोंना जरा जास्तच पाणी झालं. मी काल जिची वाखाणणी केली होती ती बाग म्हणजेच माझ्या आलेखात नसलेली मुलं होती. ती रोज तिथे हजेरी लावत होती, फुलांनी.

"सातची शाळा झाली तर?"

मनीषाने झारीतलं उरलेलं पाणी वाफ्यात ओतलं. उत्तर शेजारच्या पोराने दिलं. "तिच्या ताईची शाला आठवीतच सुटली, बाई. आता हिचा नंबर."

"गप रं," मनीषा म्हणाली आणि झारी भरायला गेली.

पाडा

शाळा सुटल्यावर मी आणि कविता मनीषासोबत पाड्यावर गेलो. चढ साधाच आहे असं तिने सांगितलं होतं. साधेपणाच्या आमच्या कल्पना वेगळ्या आहेत हे मला पहिल्या ओढ्याशीच कळलं.

तिच्या आईने पेंढ्याशेजारी सतरंजी टाकली. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि वर कांदा. मी भेंडीकडे बोट दाखवून विचारलं, "भाजी नाही करत का हिची?"

"ती आमी कशाला खाव?" आई हसल्या. "ती विमानानं जाते म्हंतात. चांगली चांगली तिकडं, वाकडी राहिली तर आमच्यात."

म्हणजे त्या घरात आंतरराष्ट्रीय ख्याती भेंडीला होती. आलेल्या शालींची मला जरा लाज वाटली.

शाळेच्या वेळेचा विषय काढताच आई गंभीर झाल्या. "मास्तर वाईट नाय. पोरींवर हात उगारत नाय कधी. पन सातची शाळा झाली त कालोखात हिला खाली कशी धाडू? बिबट्या फिरतो. आन् भेंडी कोन तोडंल? मोठीला सोडवली, तेव्हा हिला शिकवायचं म्हनूनच सोडवली. आता हिला बी सोडवायची त मंग..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं आणि माझ्या ताटात आणखी भाकरी टाकली.

"शनिवारी सभेला या ना," कविता म्हणाली.

"सभा सकाळी हाय ना?" आई म्हणाल्या. "सकाळी भेंडीचा तोडा असतो, बाय."

कविताने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीकडे.

शीत

सकाळी नववीच्या वर्गात मी तो रंगीत स्तंभालेख फळ्याला लावला आणि म्हटलं, "हा चुकलाय. मीच चुकवलाय. कुठे, ते शोधा."

मुलांनी बेरजा तपासल्या. बरोबर होत्या. उंची मोजली. बरोबर. मग मी विचारलं, "शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात. कधी चुकते?"

हे या मुलांना विचारणं म्हणजे कोळ्याला मासा ओळखायला सांगणं. सगळी एकदम बोलायला लागली.

"भात ढवलला नसला त!"

"वरचा शिजतो, खालचा करपतो."

"चुलीवर एका अंगानं जाल लागला की तिकडचाच शिजतो, बाई."

"मग परवा मी शीत कुठून घेतलं?"

मागच्या बाकावरून मनीषाचा आवाज आला. "झाकनावरून."

एवढा हशा त्या वर्गात यापूर्वी गणिताच्या तासाला पिकला नसेल. मग मुलांनी आपणहून काम वाटून घेतलं. काही जणांनी प्रार्थनेच्या ओळीत मोजायचं, काहींनी बागेत, आणि आज आलीच नाहीत त्यांच्या घरी संध्याकाळी जाऊन विचारायचं. हे शेवटचं एका मुलाने सुचवलं, आणि वर म्हणाला, "नायतर आमचे सर विचारतात तसं व्हायचं. जे आले नाय त्यांनी हात वर करा."

नव्या कागदावर बुटका स्तंभ बुटका राहिला नाही. गावातल्या मुलांचा स्तंभ अजूनही उंच होता आणि सकाळची शाळा हवी असलेली मुलंही पुष्कळ होती. पण पाड्याचा रंग वेगळा भरल्यावर दिसायचं ते दिसत होतं: तिथून सातच्या शाळेला जवळजवळ सगळ्यांचा नकार. मी तो घेऊन देसले सरांकडे गेले.

त्यांनी कागद पाहिला. या वेळी लांबून नाही. "बाई, पण ही तर नेहमीची उशिरा येणारी. त्यांची काय गणती?"

त्यांच्या आवाजात तुच्छता नव्हती. खरोखरच त्यांच्या मनात ती मुलं बागेच्या खात्यावर होती, शाळेच्या नव्हे. मी म्हटलं, "सर, शनिवारी दोन्ही कागद लावा. मी काही बोलणार नाही."

"बघू," सर म्हणाले. शाळेच्या दुनियेत 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो, हे मी पगार घेत असतानाच शिकले होते.

शनिवार

सभेला एकच कागद होता. पहिला. फुलांचा हार घालून टांगला होता, आणि खाली माझं नाव, ख्यातीसकट.

गावातले पालक खुर्च्यांवर बसले होते. पाड्यावरचं कोणी नव्हतं. देसले सरांनी कारणं सांगितली, नीट सांगितली, मग आलेखाकडे हात केला. "मोठ्या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी स्वतः केलेलं सर्वेक्षण आहे." मी उठायला लागले. बोलणार नाही असं कबूल करून बसले होते, तरी उठले. तेवढ्यात दाराशी मनीषा दिसली.

हात ओले, फ्रॉकला चिखल. सभेच्या दिवशीही उशीर झाला होता आणि सभेच्या दिवशीही तिने आधी पाणी घातलं होतं. कायदा सगळ्यांना सारखाच.

"सकाळची शाळा ज्यांना मान्य, त्यांनी हात..." सर म्हणत होते.

"सर," मनीषा म्हणाली. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. "बागेत बी विचारा."

"काय?"

"बागेत बी विचारा ना, सर. आमी तिथंच असतो."

कोणीतरी हसलं. देसले सर हसले नाहीत. त्यांनी तिच्या ओल्या हातांकडे पाहिलं. मग खांद्यावरचा रुमाल काढला, पुन्हा ठेवला आणि ते बाहेर गेले. सभा त्यांच्या मागे बाहेर आली. बागेत पाड्याची सगळी पोरं झाऱ्या घेऊन उभी होती, आणि फाटकाबाहेर, रिकामे क्रेट खाली ठेवून, धापा टाकत काही आयाबाया येऊन थांबल्या होत्या. त्यांत मनीषाची आईही होती. कडी लावलेली होती, म्हणून त्या आत आल्या नव्हत्या.

सरांनी स्वतः जाऊन कडी काढली.

"सातची शाळा ज्यांना जमणार नाही," त्यांनी विचारलं, आणि पुढचं वाक्य पूर्ण करायची गरज पडली नाही. काही मुलांनी झारीसकट हात वर केले, त्यामुळे पुढे उभ्या असलेल्या पालकांना थोडं पाणीही मिळालं.

गावातल्या एका पालकांनी जरा कुरकुर केली, दुसऱ्यांनी त्यांना गप्प केलं. निर्णय त्या दिवशी झाला नाही. सर म्हणाले, विचार करू. या वेळी 'बघू' म्हणाले नाहीत, म्हणून मी आशेने मुलुंडला परतले. सोबत नारळ इतके होते की सोसायटीत वाटावे लागले. सचिव म्हणून माझ्या लोकप्रियतेत एकदम वाढ झाली. या वाढीचं कारण कोणी तपासलं नाही.

नंतर

काही आठवड्यांनी कविताचा फोन आला. शाळा सातची झाली नाही. उलट भेंडीचा हंगाम संपेपर्यंत घंटा जरा उशिरा वाजते, आणि ही कल्पना आपल्याला फार आधीपासून सुचली होती असं देसले सर सगळ्यांना सांगतात. दुपारी पत्रे तापू नयेत म्हणून वर पेंढा टाकलाय, तोही गावातल्याच पालकांनी दिला.

"आणि बाग?" मी विचारलं.

"त्याचाच गोंधळ झालाय, बाई. आता उशिरा कोणी येतच नाही. पाणी घालायला कोणी उरलं नाही. त्यात मागच्या आठवड्यात पाहणीला साहेब आले. नंबर गेला आमचा."

"सर चिडले असतील."

"पहिले दोन दिवस चिडले. आता सकाळी एकटेच झारी घेऊन फिरतात. म्हणतात, कोणी थोडा तरी उशीर करा रे."

तिने फोटो पाठवला होता, तो मी मोठा करून पाहिला. झेंडू माना टाकून उभे, टोमॅटोची पानं वळलेली, कोथिंबीर तर गेलीच. मधोमध पाठमोरे देसले सर, हातात झारी. बाकी बागेत कोणी नाही. कोपऱ्यात, हौदाच्या कडेला, बाकीच्या झाऱ्या पालथ्या घालून ठेवलेल्या.

मनीषा त्या फोटोत कुठेच नाही. फोटो प्रार्थनेच्या वेळचा आहे.